गुरुवारी प्रेस बंद असते

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असल्यामुळे सगळी एमआयडीसी सुस्त पडली होती. पण उंदरांना कुठली सुट्टी? म्हणून चाकणच्या त्या प्रयोगशाळेत स्वरूपा आली होती, आणि पिंजरे सांभाळणारे कुरुळीचे दौलतराव.

जड झालेलं डोकं हाताने सावरत तिने सूक्ष्मदर्शकाला डोळे टेकवले.

मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी तिथल्या भिंतींवरचे बारीक केस पुढे ढकलत असतात. या जातीच्या उंदरांचे ते केस जन्मतःच बिघडलेले. पाणी तुंबतं, डोकं फुगतं, उंदीर मरतो. काचेवरचा मेंदूचा तुकडा अशाच एका मेलेल्या उंदराचा, फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला.

तरी त्यावरचे केस हलत होते.

तसे ते रोजच हलायचे. शेजारच्या कारखान्यातल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या दणक्यांनी टेबल हादरतं, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आज प्रेस बंद होती.

"दौलतराव, जरा बघता का? थकव्याने मला काहीबाही दिसतंय."

ते वाकून बघू लागले. ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती.

"केस हायेत बारीक. समदे डावीकडं झुकल्यात."

ती पावलं न वाजवता त्यांच्या पाठीमागून उजवीकडे गेली.

"आता उजवीकडं वळले."

घाबरायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती मागे सरकून भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

"आता?"

"आता थांबले."

तिच्या डोक्यात, अगदी आत, काहीतरी मऊसं हळूच डावीकडे झुकलं.

"मॅडम," दौलतराव मान वर न करता म्हणाले, "डावीकडं गेले."