दोरीचं दुसरं टोक

समुद्रकिनारी सुरूच्या झाडांच्या सावलीत, वाळूच्या टेकड्यांआड तंबू उभारायचं काम तिने या खेपेला हौसेने अंगावर घेतलं होतं. भुसभुशीत वाळूत खुंट्या टिकत नाहीत, म्हणून तिने पिशव्यांत वाळू भरली, त्यांना तंबूच्या दोऱ्या बांधल्या आणि त्या खोल पुरल्या.

"उडाला तर मायलेकी झोपा उघड्यावर!" नवरा म्हणाला.

"आणि टिकला, तर स्वयंपाक तुम्ही करायचा."

दुपारी वारा सुटला. शेजाऱ्यांचा तंबू पतंगासारखा उडून गेला, हिचा जागचा हलला नाही. नवरा मुकाट्याने तंबूत कांदे चिरायला बसला.

तेवढ्यात तंबूमागून लेकीचं खिदळणं ऐकू आलं. अखंड बडबडते, म्हणून तिला सगळे टिटवीच म्हणत.

"आई, गंमत बघ! मी दोरी ओढली की खालूनपण ओढतंय!"

"अगं वेडे, पिशवी जड आहे ना!" असं हसत म्हणत तिने दोरी धरली. हलकाच हिसका बसला. जरा थांबून दुसरा बसला, खेळात पोरं देतात तसा.

तिने हातांनी वाळू उपसली. पिशवी वर आली. पिशवीला मारलेली गाठ सुटली होती आणि दोरी ताठ होऊन आणखी खाली गेली होती.

देवाचं नाव घेत तिने लेकीला जवळ ओढलं आणि तंबूकडची गाठ सोडली. दोरी सळसळत वाळूत नाहीशी झाली.

मग बाकीच्या दोऱ्या एकेक करून ताणल्या गेल्या. तंबू बोटभर खाली बसला.

"शाबास!" आतून नवरा कौतुकाने म्हणाला. "आता कसा पक्का बांधलास!"