फीडमधली सहावी नोंद

बाबा रोज गॅलरीतून दिसलेले पक्षी आपल्या वेबसाइटवर लिहून ठेवत. नव्या नोंदी वाचकांना आपोआप घरपोच जाव्यात, म्हणून 'तशी फीड बनवून दे' असं तीन वर्षं ते लेकीच्या मागे लागले होते. "इंजिनिअरबाई निघाल्यात, पण अजून चपलाच घालतायत!" असं चिडवायचेही.

ते गेल्यावर महिन्याने, भर दुपारी, ती गॅलरीतल्या त्यांच्याच खुर्चीत बसून फीड बनवायला लागली. शेवटच्या पाच नोंदी तारखेनुसार द्यायच्या. फ्रेमवर्कमधल्या तयार कोडमुळे ते दहा ओळींत झालं, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

फीडमध्ये सहा नोंदी आल्या.

तिने कोड तपासला. आकडा पाचच होता. डेटाबेसमधली शेवटची नोंद बाबा गेले त्याच्या आदल्या दिवसाची होती. फीडमध्ये मात्र सगळ्यात वर आजची तारीख होती.

"आई, बाबांचा पासवर्ड कुणाकडे आहे गं?"

"कुणाकडे असणार? मला कधी हात लावू दिलाय त्यांनी?"

तिने नोंद वाचली. "समोरच्या तारेवर सात. आठवा येतोय. पोरी, मान वर कर."

तिने मान वर केली.

मधोमध एकापुरती जागा सोडून सात पक्षी निश्चल बसले होते. तिच्या डोक्यावर, अगदी जवळ, पंख वाजले.