डावा आरसा

“डावीकडे कॅमेरा नको म्हणजे नको,” मामांनी भाच्याला ठणकावलं. “डावीकडे तुझी मामी बसते.”

भाचा गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. मामांच्या जुन्या गाडीत त्याने काय काय घुसवलं होतं! किल्लीऐवजी बटण, मागे सेन्सर, मूळच्या रेडिओच्या मुखवट्याआड फोनवरची गाणी. बाहेरून मात्र गाडी होती तशीच. तोच फिकट निळा रंग, त्याच क्रोमच्या पट्ट्या, आणि आरसा एकच, उजवीकडचा. ती गाडी बनली त्या काळी डावा आरसा कुणी लावत नसे. पुढे सगळ्यांनी लावून घेतले, मामांनी नाही. वळण आलं की ते “डावी?” असं विचारायचे आणि मामी मान वळवून “घ्या” नाहीतर “थांबा” म्हणायच्या. अख्खा संसार दोघांनी रस्त्यावर असाच निभावला होता. नव्या माणसाशी ओळख करून देतानाही मामा म्हणायचे, “ही आमची ही. आणि आमचा डावा आरसाही हीच.”

मामी शेडच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कॅमेरा नको हे ऐकून त्यांना अभिमान वाटला आणि त्याच क्षणी धास्तीही. कारण डाव्या आरशाला डावीकडचं दिसतच नव्हतं.

काचबिंदू होता. मामी एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. समोरचं दिसेल, कडेचं गेलं ते गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मान पुरती वळवली तरी नळीतून बघितल्यासारखं व्हायचं. एक माणूस सापडेपर्यंत दुसरा निसटायचा. डोळ्यांत घालायचे थेंब त्या शिवणाच्या डब्यात लपवून ठेवत. नशीब एवढंच की तोवर गाडी बंद होती. मागच्या वर्षी बाजारातून घरी आल्या आल्या मामांनी “इंजिन गेलं” असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी सुटी करायला घेतली. दार इकडे, सीट तिकडे. एवीतेवी उघडलीच आहे तर सगळीच नवी करू, म्हणाले. मामींनी पसाऱ्यावरून कटकट केली, पण मनातून त्यांना हायसं वाटलं होतं.

आता गाडी चकचकीत होऊन समोर उभी होती. सांगावं, तर हे लगेच कॅमेरा बसवणार आणि आपण सीटवरचं नुसतं गाठोडं होणार. न सांगावं, तर कुणाचं तरी पोर चाकाखाली यायचं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तोच दिवस उजाडला होता.

“चल, बस,” मामा म्हणाले. भाचा उगाचच खोकला आणि पक्कड पुसू लागला.

गल्लीच्या तोंडाशी मामांनी गाडी थांबवली. “डावी?”

मामींनी मान वळवली. भिंत दिसली, दिव्याचा खांब दिसला, मोकळा रस्ता दिसला. “घ्या,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी श्वास रोखून धरला.

गाडी हलली नाही. त्यांच्या खिडकीला जवळजवळ घासून एक स्कूटर सुळकन पुढे गेली. मग मामांनी सावकाश गाडी वळवली.

“का थांबलात?”

“गिअर अडकला जरा.”

गिअरबॉक्स मामांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता. गिअर कसे लोण्यासारखे पडतात, हे आठवडाभर ते भेटेल त्याला ऐकवत होते. पुढच्या वळणावर मामींनी पुन्हा “घ्या” म्हटलं, आणि पुन्हा गिअर अडकला. या खेपेला डावीकडून एक हातगाडीवाला गेला.

मग मैदानाजवळचं वळण आलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. “डावी?” मामांनी विचारलं.

मामींनी या वेळी मान वळवलीच नाही. “थांबा,” त्या उगाचच म्हणाल्या.

मामा थांबले. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून मुकाट बसून राहिले. मामी “घ्या” म्हणेपर्यंत ते संध्याकाळपर्यंतसुद्धा बसले असते.

मामींना रडू फुटलं. “अहो, मला डावीकडचं दिसत नाही.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि जरा मागे सरकले. त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी, शेजारच्या सीटवरून दिसणार नाही असा एक बारकासा पडदा बसवला होता. मामी वाकल्या. पडद्यावर डावीकडचा अख्खा रस्ता होता, थेट मैदानाच्या फाटकापर्यंत.

“आणि मघाशी नको नको म्हणत होतात ते?”

“तुला ऐकू जावं म्हणून. भाच्याने कॅमेरा कधीच बसवलाय.”

“मग मला विचारत कशाला होतात?” मामी चिडल्या. चिडल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

“पडद्याशी काय बोलू मी?” मामा म्हणाले. “आणि वाटलं, सांगशील कधीतरी आपणहून. मी विचारलं असतं तर कानावर हात ठेवले असतेस.”

“पण तुम्हाला कळलं कधी?”

“मागच्या वर्षी, बाजारातून येताना. तू घ्या म्हणालीस आणि डावीकडे शाळेतली एक मुलगी होती, सायकलवर. तिने घंटी वाजवली म्हणून वाचली. तुला पत्ताच नव्हता.”

तो दिवस मामींच्या चांगला लक्षात होता, पण वेगळ्याच कारणाने. “म्हणजे... आपलं इंजिन गेलं, त्या दिवशी?”

मामांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

“इंजिनाला काहीसुद्धा झालं नव्हतं.”