घरचं नाव

यशोदाबाईंनी धुतलेलं धोतर खाटेवर ठेवलं आणि तानबाजी ते नेसेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत.

"सव्वानवाची बस आहे," त्या म्हणाल्या. "आजच जा. उद्या जाऊन काई फायदा नाई."

नात आचल आतल्या खोलीत दार लावून होती. परवा वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकुनांच्या भरतीची कच्ची यादी लागली. तीत तिचं नाव नव्हतं. पेपर चांगला गेला होता, एवढंच ती म्हणाली. दोन दिवस जेवली नव्हती. पक्की यादी आज संध्याकाळी सहीला जाणार होती.

तानबाजींनी घरच्या माणसासाठी कधी कोणाकडे शब्द टाकला नव्हता. ते राज्यमंत्री होते तेव्हा गावोगावची माणसं रोहण्याला त्यांच्या ओसरीवर बसून राहत. आलेल्या प्रत्येकाला ते चिठ्ठी देत. शनिवारी सरकारी गाडी त्यांना घरी सोडी. रविवारी सकाळी ते स्वतः म्हशी धूत, संत्र्याच्या बागेत फिरत, नातवंडांना घेऊन जेवायला बसत. पण घरातल्या कोणाच्या हाती त्यांची चिठ्ठी कधी पडली नाही. मुलगा प्रफुल शेतीच करत राहिला. त्याने कधी काही मागितलं नाही.

मागितलं ते नीलेशने. आचलचा थोरला भाऊ. शहाण्णव साली तो याच कार्यालयाच्या परीक्षेला बसला होता. पेपर चांगला गेला असं तोही म्हणाला होता आणि यादीत त्याचंही नाव नव्हतं. "शिफारस नोको, आबाजी," तो म्हणाला होता. "फक्त माह्ये मार्क तेवढे विचारा." ओसरीवर तेव्हा पंधरा-वीस माणसं होती. तानबाजींनी त्यांच्यासमोरच त्याला सांगितलं की ज्याला स्वतःच्या हिमतीवर साधी कारकुनी मिळत नाही, त्याने त्यांचा नातू म्हणून कुठे सांगू नये. लोकांनी माना डोलावल्या. दोन दिवस नीलेश कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो आर्वीच्या बसमध्ये बसला. वर्षभराने सुरतेहून एक पोस्टकार्ड आलं, आजीच्या नावाने. त्यानंतर अकरा वर्षं काही नाही.

"नीलेश नापास झाला, त्याले मी काय करू?" जोडे घालताना तानबाजी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

"तो नापास झाला म्हणून नाई गेला," यशोदाबाई म्हणाल्या. "तुमी बोलले म्हणून गेला. आता हे दुसरं लेकरू मी जाऊ देत नाई."

बसमध्ये ते शिफारशीचं वाक्य जुळवत बसले. दुसऱ्यांसाठी हेच वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल. आपल्या नातीसाठी ते जुळेना. आर्वीला बस थांबली तेव्हा उतरून परत जावं असं त्यांच्या मनात आलं. मग आतल्या खोलीचं बंद दार आठवलं आणि ते बसून राहिले.

वर्ध्याला त्यांना कोणी ओळखलं नाही. ऑटोवाल्याने पत्ता ऐकला आणि आरशातून पाहून हसला. "पेन्शनचं काम काय, बाबाजी? जिवंत आहो म्हणून सांगाले आले असान."

तानबाजी हो म्हणाले.

कार्यालयात मात्र अधीक्षक प्रभाकरराव त्यांना पाहताच उठले. वाकून पाया पडले, स्वतःची खुर्ची दिली, चहा सांगितला. ते आता दोन वर्षांत निवृत्त होणार होते. तुमच्यासारखा मंत्री परत झाला नाही, असं त्यांनी बाहेरच्या दोघा कारकुनांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तानबाजींनी कपबशी टेबलावर ठेवली.

"नातीसाठी आलो," ते म्हणाले. "जागा द्या म्हणत नाई. तिचे मार्क तेवढे पहा."

प्रभाकररावांनी उठून दार लोटलं, कपाटातून गुणांचा तक्ता काढला आणि त्यांच्यापुढे धरला. पहिल्याच ओळीत आचलचं नाव होतं.

"यादीतून मीच काढलं, साहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मंत्री झाले तेव्हा वर्ध्याला तुमचा सत्कार झाला होता. तुम्ही भाषणात म्हणाले होते, माझ्या घरचं नाव कुठल्या यादीत दिसलं तर आधी ते खोडा. मी त्या सभेत होतो. टाळ्या थांबत नव्हत्या."

तानबाजींना ते वाक्य आठवलं. टाळ्याही आठवल्या.

"आता तुम्हीच आले म्हटल्यावर प्रश्न नाही," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी सहीला जायची यादी ओढली, शेवटचं नाव काढलं आणि आचलचं नाव वर लिहिलं. अक्षर सुरेख होतं. खाली तारीख घातली. तेवढ्याने झालं.

तानबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं नाव कोणाचं होतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. साडेतीनची बस मिळाली तर दिवस मावळायच्या आत घरी पोहोचता येईल. आचल आज जेवेल. यशोदाबाई काही बोलणार नाहीत, पण ताट स्वतः वाढतील. ते उठले आणि मंत्री असताना कोणाला जोडले नसतील असे त्यांनी हात जोडले.

प्रभाकरराव संकोचले. त्यांनी ते हात आपल्या हातात धरले.

"तुमचा शब्द या कार्यालयाने कधी खाली पडू दिला नाही, साहेब," ते अभिमानाने म्हणाले. "शहाण्णवची यादीही मीच केली होती. नीलेशही पहिलाच होता."