चार बोटांची फट

बटण काही केल्या लागेना. मेजरने श्वास रोखला, पोट पाठीला नेऊन चिकटवलं, टाचासुद्धा उचलल्या, जणू उंची वाढली की कंबर आपोआप कमी होणार होती. बटण आणि काज यांच्यातली चार बोटांची फट राहिली ती राहिलीच.

"सोडा श्वास," शिलाई मशीनवर बसलेली त्याची बायको म्हणाली. "डोळे बाहेर येतील."

मेजर वगैरे तो कधीच नव्हता. फौजेत साधा शिपाई होता. ही बढती गल्लीने दिलेली, फुकटातली. फौज सोडून सहा वर्षं झाली होती. आता तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि बायको घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. आणि काल फोन आला, तोही रेकॉर्ड केलेल्या आवाजात: राखीव यादीतल्या सर्वांनी सोमवारी सकाळी वर्दीत हजर व्हावं.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. शेजारणीने 'बोलावणं आलंय' एवढंच ऐकलं आणि ती पडलेला चेहरा करून थेट सासूबाईंच्या, म्हणजे मेजरच्या आईच्या, खोलीत शिरली. सासूबाई मजेत टीव्ही बघत होत्या. "माझं नाही गं बाई, त्याचं आलंय," त्या म्हणाल्या. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना रडू फुटलं. शेजारीण बिचारी आली तशी गेली.

"तिथे देतीलच की मापाची," बायको म्हणाली.

"देतील तेव्हा देतील. पहिल्या दिवशी आहे ती घालून या म्हणतात." त्याने चिडून पँट काढली आणि टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसला. "थट्टा आहे का ही? सोडताना टाळ्या वाजवल्या, म्हणाले तुमचं काम झालं, आता घर सांभाळा. सांभाळायला लागलो, तर पुन्हा चला! दुकानात तीन पंप उघडून पडलेत. तीन घरांत पाणी नाही. त्यांना काय सांगू?"

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी बोलावलंय का?"

"मग कुणावर ओरडू? त्या टेपवर?"

ओरडायचं तर तिलाही होतं. ते पोट तिच्या कष्टाचं होतं. फौजेतून परतला तेव्हा हा माणूस नुसता हाडांचा सापळा होता, आणि स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागायचा. पाणी मागून घ्यायचा, कपाट उघडण्याआधी विचारायचा. इतके कोरडे कसे झालात, असं तिने एकदा न राहवून विचारलं, तर शांतपणे म्हणाला होता, "तिथे घर आठवलं की माणूस चुकतो. म्हणून आठवायचं सोडून दिलं."

त्याला माणसात आणता आणता तिच्या नाकी नऊ आले होते. आता कुठे तो पंपाचे काळे हात तिच्या कोऱ्या कापडाला पुसायचा, तिच्या ताटातला घास उचलायचा, दुपारी मशीनच्या खडखडाटात खुशाल घोरायचा. त्याचं काही बरंवाईट होईल ही भीती तिला होतीच, पण ती निदान बोलून दाखवता येत होती. हा धडधाकट परत येईल आणि पुन्हा पाहुणाच होऊन येईल, ही भीती सांगायची कुणाला?

"आणा इकडे," ती म्हणाली.

तिने पँट उलटी केली, मागची शिवण ब्लेडने उसवली आणि तिथेच थांबली.

"काय झालं?"

"सैल कशात करू? आत माया म्हणून ठेवलेली नाही." पुढेमागे माणूस सुटला तर उपयोगी पडावं म्हणून कुठलाही शिंपी शिवणीच्या आत कापड राखून ठेवतो. इथे काठाला काठ भिडवून मोकळे झाले होते.

"सरकारी शिलाई," तो म्हणाला. "तिथे कसली माया?"

दोघांनाही हसू आलं. ते फार टिकलं नाही.

पायाकडची दुमड मात्र चांगली रुंद होती. तिने दोन्ही पायांची दुमड कापून काढली. बुटात खोचल्यावर कोण बघायला येतंय? त्या कापडाचे लांबट तुकडे काढून तिने मागच्या शिवणीत जोडले. मशीन चालू असेपर्यंत तो पंपांचं काय करायचं याचाच विचार करत बसला होता.

"घालून बघा."

बटण पटकन लागलं. ते इतक्या सहज लागलेलं पाहून त्याचा चेहरा उतरला. कुठेतरी त्याने त्या फटीवर भरवसा ठेवला असावा. तो स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला, आणि हात मागे नेऊन चाचपू लागला.

"अगं, आत केवढं कापड सोडलंयस! एवढी माया कशाला? बसलं की बोचतेय. काप थोडी."

तिने कात्री उचलली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लोटून दिला.

"बोचू दे," ती म्हणाली.