वळणापुढचा चढ

“अगं, कोणाचा विश्वास बसणार नाही! आज तो चढ एकट्यानं सर केला, पाय न टेकता!” दारातूनच म्हाताऱ्या घड्याळजीनं आरोळी ठोकली.

बायको धुणं पिळत होती. “झाल्या तुमच्या थापा सुरू!”

वर्षापूर्वी त्याच चढावर ट्रकनं त्याच्या सायकलजोडीदाराला उडवलं होतं. त्या दोस्ताची चेन सारखी पडायची. ती बसवून काळ्या झालेल्या पंजानं तो दमलेल्या घड्याळजीच्या पाठीला रेटा द्यायचा. शर्टावरच्या त्या डागांपायी बायकोनं दोघांना जन्मभर फैलावर घेतलं. दोस्त गेल्यापासून घड्याळजी वळणावर उतरून चालायचा. आजही उतरावं लागलं, तर सायकल विकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

“वळणावर पायांतलं त्राणच गेलं,” तो म्हणाला, “आणि मग सायकल अशी सुटली, जणू उतारच! वर पोचलो आणि ओरडलो, ‘दोस्ता, जिंकलो रे!’ ऐकायला चिटपाखरूही नव्हतं.”

ऐटीत पाठ वळवून तो सायकल पुसू लागला. मागे पिळलेलं धुणं धप्पकन बादलीत पडलं.

“खोटं!” बायको म्हणाली. “एकटे कुठले? पाठीवर पंजा उमटलाय. अजून ओला आहे.”