टिकलीचं बटण

"काकूंना विचारलंत का?" प्रणितनं लॅपटॉप मांडीवर घेत विचारलं.

"तिला कशाला विचारू? लॅपटॉप माझ्या पोरीनं मला पाठवलाय," रामनाथ म्हणाले. "तू तो जुना ब्राउझर काढ, आणि वाचून दाखवणारा दुसरा टाक. ती बाजारातनं यायच्या आत झाला पायजे."

"आज बाजार?"

"मंगळवार न्हाय का आज?"

"हां… मंगळवार," शेजारचा प्रणित म्हणाला आणि कामाला लागला.

रामनाथांनी पस्तीस वर्षं भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात काढली. नंतर साखरेनं डोळे खाल्ले. आता समोर कुणी उभं राहिलं तर माणूस की खांब, एवढंच कळायचं. एकुलती एक लेक हेमाली कॅनडात. गेल्या खेपेला आली तेव्हा लॅपटॉपच्या एका बटणावर आईची टिकली चिकटवून गेली. टिकली चाचपायची, बटण दाबायचं, की एक बाई आलेला मेल खणखणीत मराठीत वाचून दाखवायची. रामनाथ तिला मास्तरीण म्हणायचे. मास्तरणीला कुठं थांबायचं ते कळायचं नाही, पण एक शब्द गाळायची नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वी त्या कंपनीला काय अवदसा आठवली कोण जाणे, एका अपडेटमध्ये ती सोयच काढून टाकली. रामनाथ टिकली दाबून दाबून थकले. मास्तरीण गप्प. वाटोळं होवो मेल्यांचं, आंधळ्याची काठी काढून घेतली, असं ते आठवडाभर येईल त्याला ऐकवत होते.

तेव्हापासून मेल त्यांची बायको गोदूबाई वाचायच्या. सातवी शिकलेल्या, वाचता चांगलं यायचं. पण मास्तरीण वाचायची तेव्हा चहा गार होऊन जायचा. आता पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच "तुमची लाडकी हेमाली". मधलं कुठं गेलं?

"आटपलं एवढ्यात?" रामनाथ विचारायचे.

"कामाचा गाडा हाय तिच्यामागं. रोज रामायण लिहील का?"

रविवारी फोन यायचा. पण फोनवर माणसं गोडच बोलतात. मनातलं काय ते हेमाली मेलमध्ये लिहायची, हे बापाला पक्कं ठाऊक होतं.

तिला सातवा महिना होता. आधीचं बाळ पाचव्यात गेलं, तेव्हा गोदूबाईंनी महिनाभर नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. आताही तेच चाललं होतं. वाचता वाचता मध्येच थांबायचं, पाणी प्यायचं, सुस्कारा टाकायचा. एकदा तर नाक ओढल्याचं त्यांनी स्पष्ट ऐकलं.

"रडतेस काय?"

"कांदा चिरला मघाशी."

"उपासाला कांदा?"

हल्ली गोदूबाईंचे उपासही फार वाढले होते. सोमवार, गुरुवार, शनिवार, विचारावं तेव्हा "मला नको, उपास हाय". लेकीसाठी नवस बोलली असणार. म्हणजे पोटातल्या बाळाचं काहीतरी बिनसलंय. एवढं कळायला काय डोळे लागतात?

संताप संताप व्हायचा रामनाथांचा. डोळे गेले म्हणून बापही गेला का? पण भांडून ही बाई तोंड उघडणारी नव्हती. म्हणून आज त्यांनी प्रणितला गाठलं होतं.

"झालं, काका," प्रणित म्हणाला. "बटण तेच ठेवलंय, टिकलीवालं. ह्याच्यात बाईच्या जागी माणूस बोलतो."

"बोलू दे. माकड बोललं तरी चालंल, सगळा वाचला पायजे."

प्रणित हसला नाही. दारापर्यंत जाऊन परत आला.

"काका, मी आज घरीच आहे. काही लागलं तर हाक मारा."

"मला काय लागतंय! जा तू."

दार लोटल्याचा आवाज झाला. रामनाथांनी लॅपटॉप जवळ ओढला. बोट टिकलीवर ठेवलं आणि तसंच राहिलं. त्यांनी हात जोडले. "आई एकवीरे, पोरीचं पोट तेवढं नीट असू दे. बाकी काय बी ऐकीन मी."

मग बटण दाबलं.

"प्रिय आई," नवा मास्तर घाईघाईनं वाचू लागला. "काल सोनोग्राफी झाली. बाळ अगदी ठणठणीत आहे. वजनही छान वाढलंय. डॉक्टरीण म्हणाली, काळजीचं काहीच कारण नाही."

रामनाथांना हसू फुटलं. मांडीवर थाप मारून ते एकटेच मोठ्यानं हसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाळ ठणठणीत! आणि आपण बिचाऱ्या गोदूवर संशय घेत बसलो. आज आली की तिला म्हणायचं, चुकलो बाई, मार दोन थोबाडीत.

मास्तर थांबला नव्हता.

"आई, ते वाचणारं बटण गेलं हे एका अर्थी बरंच झालं. निदान तुला मोकळेपणानं लिहिता तरी येतं. नाहीतर बाबांनीच आधी ऐकलं असतं. मला या दिवसांत विमानात बसू देत नाहीत, नाहीतर कधीच धावत आले असते. दर मंगळवारी इस्पितळात जातेस आणि बाबांना बाजार सांगतेस. अन्न जात नाही आणि उपास सांगतेस. तुझे केस गेले, हाडं वर आली, सगळ्या आळीला दिसतंय, फक्त बाबांना दिसत नाही. डॉक्टरांनी तुला तीन महिने दिले होते, आई, त्यातले दोन गेले. आता तरी त्यांना सांग."